तात्यांची सुपारी

१२ नोव्हेंबर

सकाळी ६.५०. पाचही उभ्या आहेत.

ही वही तेजस्विनीने दिवाळीला दिली. आमची मुलगी, अवसरीला कॉलेजात शिकवते. ‘बाबा, मनात येईल ते हिला विचारा, माणसांना विचारत बसू नका,’ म्हणाली. टोमणा होता. तीस वर्षं एसटीत तिकीट तपासनीस होतो, टोमणा मारणाऱ्याचं तोंड मला लांबून ओळखू येतं.

प्रतिभा माहेरी गेली त्याला आज वीस दिवस झाले. माहेर अलिबागकडे, समुद्राला लागून. कारण लिहूनच ठेवतो, म्हणजे पुढे कुणी वेगळं सांगायला नको. तिच्या मोबाइलमध्ये एकच नंबर महिन्याभरात तेवीस वेळा होता. नाव नाही, नुसता नंबर. मी लावून पाहिला. पुरुषाने उचलला, ‘हालो’ म्हणाला आणि माझा आवाज ऐकताच बंद केला. आता हे नवऱ्याने विचारायचं नाही तर कुणी विचारायचं? भाऊबीजेच्या आदल्या दिवशी जेवताना विचारलं. तेजस्विनी पानावर होती, तेवढं चुकलं. प्रतिभाने उत्तर दिलं नाही. ताट सारलं आणि पिशवी भरली.

फाट्यावर गाडीत चढताना मात्र बोलली. ‘तुमच्या संशयात मी पस्तीस वर्षं काढली. परसातल्या पोफळी एक हिवाळा काढतात का बघा. काढला, तर मी येईन.’

पोफळी म्हणजे सुपारीची झाडं. आषाढात तिच्या भावाने, अमृतने, रोपं आणून दिली. कंबरेएवढी आहेत. ह्या डिंगोऱ्यात सुपारी कुणी लावत नाही, कारण माळशेजकडून उतरणारी थंडी त्यांना सोसत नाही. पोफळ हा शब्दही गावात तिच्याशिवाय कुणाच्या तोंडात नाही.

तर पाच झाडं आणि एक हिवाळा. मी आजवर एकही गाडी अर्धी तपासून सोडलेली नाही.

१६ नोव्हेंबर

तेजस्विनीने पाठवलेलं तापमानाचं यंत्र खिडकीला लावलं. पहाटे ११ होतं.

टोमॅटोवाल्यांकडून मल्चिंगचा, म्हणजे वाफ्यावर अंथरायचा, काळा प्लॅस्टिकचा कागद आणला. घराकडून विहिरीकडे जाताना एक ते पाच असे नंबर दिले. प्रत्येकीला बुंध्यापासून शेंड्यापर्यंत कागद गुंडाळला, तीन ठिकाणी सुतळीने आवळला. वारा शिरायला सुईएवढी जागा ठेवली नाही. गाठ माझी नेहमीची, उजव्या हाताची. थंडीच काय, मुंगीसुद्धा विनातिकीट आत जाणार नाही.

घरात मन लागत नाही. दहाच्या गाडीने ओतूरला जातो, स्टँडवर जुन्या लोकांत बसतो, साडेचारला परत.

२१ नोव्हेंबर

गाठ बदलली आहे.

पाचही झाडांवर कागद होता तसाच, पण गाठी डाव्या हाताच्या. फरक बारीक आहे, दुसऱ्याला दिसणार नाही. म्हणजे मी ओतूरला गेल्यावर कुणीतरी परसात येतं, कागद सोडतं आणि पुन्हा बांधून ठेवतं. चोरी म्हणावी तर गेलं काहीच नाही. पाणी कुठंतरी मुरतंय.

२६ नोव्हेंबर

आज चंपाषष्ठी. पलीकडच्या वस्तीवरचे गेणभाऊ भरीत-भाकरी घेऊन आले. मेंढरंवाले, वय सत्तरच्या पुढे. दरवर्षी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जायचे. यंदा गुडघे गेले म्हणून कळप पोराच्या हवाली केला आणि आठ मेंढरं ठेवून घरी राहिले. दिवाळीआधी मला विचारत होते, ‘तुमच्या परसामागं आठ-धा दिस मेंढरं बसवू का, खत व्हईल.’ मी नाही म्हणालो. रोपं खाल्ली असती.

आज ओट्यावर बसले, पाणी प्याले, इकडचं-तिकडचं बोलले. उठताना म्हणाले, ‘तात्या, पोफळी बऱ्या हायेत न्हवं?’

पोफळी! सुपारी नाही, पोफळी. हा शब्द ह्यांच्याकडे आला कुठून?

उठताना काठी त्यांनी डाव्या हाताने उचलली. भरीत झकास होतं. खाल्लं, पण विचार करत खाल्लं.

३ डिसेंबर

पहाटे ९. 

आज पाचही झाडांच्या बुडाशी काळ्या लोकरीचे पुंजके सापडले. मेंढीची कातरलेली, मळकी लोकर, आळ्यात गोल पसरलेली. तिच्याभोवती राखेचं रिंगण. एक नंबरच्या पानाचा कुणीतरी तुटका भाग कापलाय आणि कापल्या जागी हळद लावली आहे.

काळी लोकर, राख, हळद. लिंबू तेवढं राहिलं. माझा करणीबिरणीवर काडीचा विश्वास नाही. काठीने सगळं उकरून उकिरड्यावर टाकलं. तरी पाय धुऊनच घरात आलो.

मेंढरं बसवू दिली नाहीत, त्याचा हा सूड. गावात काळी मेंढी आणखी कोणाकडे आहे?

५ डिसेंबर

तीन, चार आणि पाचला लोकर परत आली. मी पुन्हा उकिरड्यावर टाकली. माती संध्याकाळी ओली होती. मी पाणी पहाटे घालतो. म्हणजे मुळं कुजवायचा बेत आहे.

६ डिसेंबर

आज जे ऐकलं ते शब्दाला शब्द लिहितो, उद्या पोलिसांना लागलं तर.

सुदर्शनच्या चहाच्या टपरीवर मी आत पेपर वाचत होतो. गेणभाऊ बाहेर बाकावर होते. मी आत आहे हे त्यांना माहीत नव्हतं. सुदर्शनने विचारलं, ‘गेणभाऊ, हल्ली रोज दुपारचं कुठं जाताय?’

तर ते काय म्हणाले? ‘तात्याच्या सुपारीचं काम घेतलंया म्यां. बोलायचं न्हाई कुटं. त्येला पत्ता लागला तर संपलंच.’

सुदर्शन हसला. ‘ह्या वयात सुपारी घेता व्हय राव!’

‘घेतली म्हंजी घेतली. हळूहळू करायचं काम हाय. हिवाळा सरंस्तवर उरकतं.’

माझ्या हातातला चहा लुंगीवर सांडला. सुपारी घेणं म्हणजे काय हे टीव्हीवर बातम्या बघणाऱ्या शेंबड्या पोरालाही कळतं. प्रश्न एवढाच, की सुपारी झाडांची आहे का माझी. आणि दिली कोणी? घेणारा कळला, देणारा कळल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही.

मागच्या दाराला आतून अडसर घातला.

९ डिसेंबर

पहाटे ७.

बंदोबस्त केला. काटेरी तार होती तेवढीत दोनच झाडं बसली, घराजवळची एक नंबर आणि दोन नंबर. भोवती तार चार पदरी, वर बाभळीचे काटे, आत दुहेरी कागद आणि सुतळीच्या सात-सात गाठी. प्रत्येक गाठीवर मेणबत्तीचं मेण ओतलं. आता कोणी हात लावला तर मेण फुटेल. ह्या दोघींना हिवाळाभर कोणाचं बोट लागणार नाही, माझंसुद्धा.

पाचांतल्या दोन तरी शंभर टक्के सुरक्षित. बाकी तिघींचं देव जाणे.

१४ डिसेंबर

पहाटे ६.५. मेण शाबूत आहे. खोकला झालाय.

तीन, चार, पाचच्या गाठी रोज डाव्या.

२० डिसेंबर

तेजस्विनी आली होती. परसात गेली, तारेकडे बघून कपाळाला हात लावला. ‘बाबा, हे झाड आहे का कैदी?’

मी तिला मेण दाखवलं. ती म्हणाली, ‘कागदाला आतून पाणी सुटलंय, बघा. दिवसा उघडा ना. ऊन लागू द्या, सुकू द्या, संध्याकाळी पुन्हा झाका.’

‘हे तुला कोणी सांगितलं?’ मी विचारलं.

‘झालं सुरू,’ ती म्हणाली. ‘कोणी सांगितलं ह्याला काय महत्त्व आहे? बरोबर आहे का ते बघा.’

मला महत्त्व आहे. अवसरीला यंत्रं शिकवणाऱ्या मुलीला सुपारीचं कुठून कळलं? गेणभाऊ उघडतात आणि नेमकं तेच करा म्हणून माझी मुलगी सांगते. विचारलं तर म्हणाली, ‘ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.’ न जेवता गेली. तिच्यासाठी मी अख्खा मसूर केला होता. दोन दिवस तोच खाल्ला.

२८ डिसेंबर

प्रतिभाचा फोन. सहासष्ट दिवसांत पहिला. मी बसलेला उभा राहिलो.

‘थंडी फार आहे का हो?’

‘आहे.’

‘दिवसा उघडता ना पोफळी?’

‘थंडी काय दिवसा रजेवर जाते?’

‘उन्हाचं तोंड तर बघू दे त्यांना.’

‘मी उघडत नाही हे तुला कोणी सांगितलं?’

 मागे समुद्राचा आवाज येत होता, किंवा पंख्याचा असेल. मग म्हणाली, ‘मी पहिल्यांदा भेटले तेव्हा तुम्ही एकाच गाडीत दोनदा तिकीट मागितलंत. आठवतं?’

आठवणार नाही का! कल्याणहून येणारी गाडी, मी नवा तपासनीस. पहिल्यांदा तिकीट बघायला मागितलं, दुसऱ्यांदा तिला बघायला. ती तेव्हा म्हणाली होती, ‘तिसऱ्यांदा मागाल तर मी उतरून जाईन.’

‘आठवतं,’ मी म्हणालो.

‘मग झालं तर,’ म्हणाली आणि फोन ठेवला.

खोकल्याबद्दल तिने विचारलं नाही. बोलताना दोनदा खोकलो होतो, ऐकू गेलंच असणार. फार वाईट वाटलं. पण तिला इथलं सगळं कळतंय हेही नोंदवून ठेवतो. बातमी कोण पुरवतंय ते शोधायचं.

४ जानेवारी

पहाटे ६. मेण शाबूत. एक आणि दोनचा शेंडा कागदातून जरा तपकिरी वाटतो. सावली असेल.

९ जानेवारी

आज सापळा लावला. जे झालं ते सगळं लिहितो, माझ्या विरुद्ध जाणारंसुद्धा.

दहाच्या गाडीत सगळ्यांदेखत बसलो. पुढच्याच थांब्यावर उतरलो आणि बांधाबांधाने परत आलो. विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत शिरून दाराच्या फटीला डोळा लावला. अकराला दहा कमी असताना गेणभाऊ आले. खांद्यावर घोंगडी, मागे दोन मेंढरं. मेंढरं त्यांनी बाहेर बाभळीला बांधली. आत आणली नाहीत.

पाच नंबरपासून सुरुवात केली. गाठ सोडली, कागद उतरवला, बांधावर उलटा वाळत घातला. आतून पाणी निथळत होतं. मग डोक्याच्या फेट्याचं टोक काढून पान न् पान पुसलं. मधल्या कोंबाला बोटाने चाचपलं आणि बोट नाकाशी नेलं. ‘आली का गं बाय उन्हात,’ असं झाडाशी बोलत होते. मी जन्मात झाडाशी बोललेलो नाही. आळ्यातली लोकर हाताने सारखी केली, दाबून बसवली, पोराला पांघरूण घालावं तशी.

माझ्या डोक्यात अजूनही सुपारीच. म्हटलं, विष कधी काढतात ते बघू.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. गेणभाऊंना फोन कानाला लावायची सवय नाही. तोंडासमोर धरून मोठ्याने बोलतात आणि पलीकडचा आवाज शिवारभर ऐकू येतो. आवाज प्रतिभाचा होता. माझ्या परसात अडीच महिन्यांनी तिचा आवाज आला आणि मी मोटारीच्या खोलीत कोळिष्टकांत उभा.

‘उघडल्या का हो गेणभाऊ?’

‘उघडल्या, ताई. तिनी झ्याक हायेत. चार नंबरला नवं पान सुटलंया, पोपटावानी हिरवं.’

ती हसली. असं हसलेलं मी किती वर्षांत ऐकलं नाही ते मोजायला लागलो आणि सोडून दिलं.

‘आणि घराजवळच्या दोघी?’

‘त्या तात्यांनी तारंत घातल्यात. वर काटं, गाठीवर मेण. माजा हात जात न्हाई. रंग काय बरा दिसत न्हाई, ताई.’

 ‘मग त्या गेल्याच म्हणायच्या,’ ती म्हणाली.

‘तात्यास्नी येकदा सांगून बघू का? लई नादावल्यात वो.’

‘नको. ते आधी विचारतील, कोणी सांगितलं. मग तुमचंही येणं बंद करतील आणि ह्या तिघीही जातील. गेणभाऊ, ते वाईट नाहीत हो. पहाटे उठून पाणी घालत असतील, मला माहीत आहे. फक्त ज्याच्यावर जीव लावतात त्याला सुतळी बांधतात.’

गेणभाऊंनी तारेतल्या दोघींकडे पाहिलं.

‘खोकला कसा आहे त्यांचा?’

‘सक्काळी वस्तीवर ऐकू येतो.’

‘मफलर कपाटात खालच्या खणात आहे. पण सांगणार कोण!’

फोन संपला. मी काय केलं? खिशातून मोबाइल काढला. तो तेवीस वेळांचा नंबर मला पाठ आहे. लावला. बांधावर गेणभाऊंच्या कोपरीच्या खिशात वाजला. त्यांनी काढून पाहिलं, दचकले आणि फोन तसाच खिशात दडपला.

देणारा सापडला, घेणाराही सापडला. तपासणी पुरी झाली. तपासणी पुरी झाल्यावर वाटतं ते आज वाटलं नाही.

दुपारी साडेचारला, रोज गाडीने येतो त्याच वेळेला, मी पुढच्या दाराने घरात आलो. मफलर खालच्या खणात होता.

१० जानेवारी

पहाटे ६.

तार कापली. दोन्ही तळहात फाटले. मेण सगळ्या गाठींवर जसंच्या तसं. कोणीही हात लावलेला नव्हता.

दोन नंबरचा कागद काढला तर आंबूस वास आला. मधला कोंब धरला, ओढलासुद्धा नाही, नुसता धरला आणि तो हातात आला. खालून चिकट, तपकिरी. एक नंबरचंही तेच. थंडीने मेल्या असत्या तर पानं करपली असती. पानं अजून अर्धी हिरवी होती. ह्या माझ्या कागदात गुदमरून कुजल्या. ज्या दोघींना कोणी हात लावू नये म्हणून मी रात्रंदिवस जपलं त्याच गेल्या, आणि ज्यांच्यावर मी पाणी सोडलं होतं त्या तिघी उन्हात उभ्या आहेत. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय?

रडू आलं. लिहायला लाज वाटते, पण आलं.

कोंब हातात घेऊनच गेणभाऊंच्या वस्तीवर गेलो. ते ओट्यावर काठीला टेकून बसले होते. मला बघून उभे राहिले. त्यांची बायको सारजाबाई दारातून आत सरकली. गावात माझी ही अशी ख्याती आहे.

मी कोंब पुढे केला. म्हणालो, ‘गेणभाऊ, दोन मी मारल्या. बाकी तीन कशा जगवायच्या ते सांगा.’

त्यांनी कोंब घेतला, वास घेतला, बाजूला ठेवला. म्हणाले, ‘बसा. चा घ्या आदी.’

कोणी सांगितलं, कधी सांगितलं, काही विचारायचं नाही असं वाटेत ठरवलं होतं. नाही विचारलं. तर त्यांनी आपणहून सांगितलं. चाळीस हिवाळे ते खाली कोकणात उतरले. प्रतिभाच्या वडिलांच्या वाडीत त्यांची मेंढरं बसायची. तेव्हा ती परकरात होती आणि कोकरांना नावं द्यायची. वाडीतल्या पोफळी, माड त्यांनी तिथेच पाहिले. ‘रोपं आली तवापास्नं ताई इचारायच्या, आपल्या थंडीत ह्यांचं कसं करायचं. लई फोन. म्या म्हणायचो, ताई, कोकराचं करतो तसंच. रातचं पांघरून, दिसा ऊन. पांघरून घालून ठिवलं तर कोकरूबी मरतंय.’

‘आणि मी फोन केला तेव्हा तुम्ही बंद का केलात?’ एवढं मात्र तोंडातून गेलंच.

गेणभाऊ ओशाळले. ‘तात्या, खरं सांगू का? तुमचा आवाज ऐकला की मला वाटतं, माजं तिकीट काडायचं ऱ्हायलंया.’

आत सारजाबाई फिसकन हसल्या. मग मीही हसलो. तेवीस फोन, एक दिवाळी आणि दोन झाडं, एवढ्यासाठी.

१४ जानेवारी

संक्रांत. पहाटे ५.५, ह्या हिवाळ्यातली सगळ्यात खाली.

काल संध्याकाळी ऊन असतानाच आळ्यांना विहिरीचं पाणी सोडलं. ओल्या मातीत ऊब राहते म्हणे. लोकर माझ्या हाताने पसरली. तिला कोणी विकत घेत नाही हल्ली, उकिरड्यावर जाते. मी दोनदा टाकून दिली होती. कागदाऐवजी गेणभाऊंनी आपलं जुनं घोंगडं फाडून तिघींना वाटून दिलं. कागद पाणी धरतो, घोंगडी श्वास घेऊ देते. पहाटे वाऱ्याच्या बाजूला पाचोळ्याचा धूर केला. दोघे शेकत बसलो.

साडेनऊला मी घोंगडी सोडली. माझी गाठ लवकर सुटेना. गेणभाऊ म्हणाले, ‘डाव्या हातानं बांधत जावा, सुटाय सोपी पडती.’

सारजाबाईंनी तीळगूळ दिला आणि ‘गोड बोला’ म्हणाल्या. जरा जोरातच म्हणाल्या.

ओतूरला गेलो नाही. आता जाऊन चालणार नाही, दिवसा उघडायला कोणीतरी पाहिजे.

२३ जानेवारी

पहाटे ९. चार नंबरचं नवं पान पूर्ण उलगडलं. काल माघी गणपतीला ओझरला जाऊन आलो. नवस वगैरे काही बोललो नाही. हात जोडले, प्रसादाला मिळालेली सुपारी खिशात ठेवली, आलो.

संध्याकाळी प्रतिभाला फोन केला. तीन दिवस काय बोलायचं ते पाठ केलं होतं, सगळं विसरलो.

‘तीन जगल्या,’ म्हणालो. ‘दोन गेल्या. गेल्या त्या माझ्या हाताने गेल्या. जगल्या त्या गेणभाऊंनी जगवल्या. मी नंतर नुसता हाताशी होतो.’

 मला वाटलं, फोन कटला.

‘हालो?’

‘ऐकतेय,’ ती म्हणाली. आवाज जड होता. ‘कोंब कुजले?’

‘हो.’

‘वास आला असेल.’

‘आला. प्रतिभा, मी तुला असंच...’ पुढचं मला जमलं नाही. तिने ओढूनही काढलं नाही.

म्हणाली, ‘मग आता माझ्या अटीचं काय करायचं? पाचातल्या तीन.’

‘तू आकडा सांगितला नव्हतास,’ मी म्हणालो. ‘फाट्यावर तू म्हणालीस, परसातल्या पोफळी. किती ते म्हणाली नाहीस.’

‘शेवटी तपासनीस तो तपासनीस!’ ती हसली. मग नाक पुसल्याचा आवाज आला. ‘थंडी सरली की येते. सरली की कळवा.’

‘गेणभाऊंना विचार,’ मी म्हणालो. ‘ते रोज सांगतातच की तुला.’

 ती इतकी हसली की मागून अमृत विचारत होता, काय झालं गं ताई.

१६ फेब्रुवारी

पहाटे १३. घोंगडी चार दिवसांपूर्वीच उतरवली.

प्रतिभा दुपारच्या गाडीने आली. मी फाट्यावर तासभर आधीच उभा. मफलर घातला होता, ऊन असून. ती उतरली, पिशवी माझ्या हातात दिली आणि पदराच्या गाठीतून तिकीट काढून पुढे केलं. ‘घ्या. बघा.’

घेतलं. न बघता वरच्या खिशात ठेवलं. ती चालायला लागली होती, पण बघितलं नाही हे तिने बघितलं.

घरात न जाता थेट परसात गेली. चार नंबरचं नवं पान तिने गालाला लावलं. एक आणि दोनचे खड्डे मी बुजवले नव्हते. त्यांच्यासमोर बराच वेळ उभी होती. मी मागे उभा राहिलो, आता काहीतरी बोलेल म्हणून. बोलली एवढंच, ‘अमृतला सांगते, पावसाळ्यात दोन रोपं पाठव.’

संध्याकाळी गेणभाऊ आणि सारजाबाई जेवायला होते. ओझरची सुपारी मी गेणभाऊंच्या पुढे ठेवली. ‘घ्या,’ म्हणालो, ‘पुढच्या हिवाळ्याची.’ सुदर्शनच्या टपरीची हकीकत सांगितली तेव्हा म्हातारा हसता हसता खोकायला लागला आणि प्रतिभाने त्यांच्या पाठीवर थाप मारली, मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘तुमची सुपारी द्यायची असती तर पस्तीस वर्षं थांबले असते का?’

१९ फेब्रुवारी

पहाटे १४. तिन्ही उभ्या आहेत.

दुपारी मी ओट्यावर होतो. आत प्रतिभाचा फोन वाजला. ‘हां, बोल,’ म्हणाली आणि बोलत बोलत स्वयंपाकघरात गेली. मधेच हसली. मग आवाज हळू केला. मग पुन्हा हसली.

मी उठलो, चप्पल घातली आणि परसात जाऊन पोफळींना पाणी सोडलं. परत आलो तेव्हा ती पोळ्या लाटत होती. कोणाचा होता, विचारलं नाही.

सतरा मिनिटं चालला.